हिरड्यांच्या आजारात प्रतिजैविकांची मदत: माझ्या उपचारांची हकीकत

‘हिरड्या आतून साफ कराव्या लागतील आणि सोबत प्रतिजैविकांचा कोर्स घ्यावा लागेल’ असे दंतवैद्यांनी सांगितल्यावर ज्यांना धास्ती वाटली आहे, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहे. मी गोव्यातल्या डिचोलीत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि माझे वय ३४ आहे. वैद्यकीय शिक्षण मला नाही. खाली औषधांची जी नावे आणि मात्रा येतील त्या माझी तपासणी करून मला लिहून दिलेल्या आहेत. त्या वाचून कोणी फार्मसीत जाऊन गोळ्या घेऊ नयेत, ही पहिलीच विनंती. या सगळ्या काळात मला जे कळले त्याचा गाभा हा की, या आजारात गोळी हाताशी येते ती मदतीला. खरे काम दाताच्या मुळावरचे कीटण खरवडून काढण्याचे असते, आणि गोळी केव्हा घेतली यावर तिचा उपयोग पुष्कळसा अवलंबून असतो.

आमच्या घरात ब्रश करताना रक्त येणे हा आजार समजला जात नसे. आईचे पुढचे दात पंचेचाळिशीत हलू लागले आणि पन्नाशीला तिने कवळी बसवली. घराण्यातच दात कच्चे आहेत, असे सगळे म्हणत आणि विषय तिथेच संपत असे. माझ्या खालच्या पुढच्या दातांत फट पडू लागली तेव्हाही घरात तेच बोलले गेले. दुखत काहीच नव्हते. हिरड्यांचा हा आजार बहुतेक काळ दुखत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षे वाढत राहतो, हे मला फार पुढे कळले.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस, चतुर्थी आठवड्यावर आलेली असताना, खालच्या उजव्या दाढेजवळची हिरडी एका रात्रीत सुपारीएवढी सुजली. बोटाने दाबले की खारट पू येई आणि दाढ उंच झाल्यासारखी वाटे. वरचा दात टेकला तरी कळ जाई. जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे तोंडात बॅटरी मारून पाहिले गेले, पाच दिवसांचे प्रतिजैविक आणि वेदनाशामक लिहून दिले गेले, ३०० रुपये फी घेतली गेली. हिरडीच्या आत काय आहे हे कोणी तपासले नाही आणि पुन्हा दाखवायला या असेही सांगितले नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, सूज उतरली, चतुर्थी नीट पार पडली.

नोव्हेंबरमध्ये त्याच जागी तेच गळू पुन्हा आले. या खेपेस फार्मसीत गेले ते फक्त वेदनाशामक आणायला, तर काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी आपुलकीने विचारले, “बाय, मागच्या वेळचे पाकीट आठवते? तेच देतो, पुन्हा दवाखान्यात कशाला जाता?” त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. पण त्या पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, अशा औषधाची ती खूण, हे लोकांना कळावे म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढली होती आणि त्याचा फलक आमच्या आरोग्य केंद्रात मी पाहिलेला होता. शिवाय तीन महिन्यांत तेच दुखणे त्याच जागी उलटते, म्हणजे पहिल्या गोळ्यांनी मूळ गेलेले नाही, एवढे तर्काने कळत होते. मी पाकीट घेतले नाही आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून डिचोलीतल्याच एका दंतवैद्य बाईंकडे गेले.

त्यांनी आधी गळू मोकळे करून आतली जागा धुतली. मग ‘ओपीजी’ म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच मोठा एक्स-रे काढून आणायला सांगितला. त्याला ५०० रुपये लागले. फिल्म उजेडापुढे धरून त्यांनी मला दाढांच्या मुळांभोवतीचे हाड दाखवले. जिथे हाडाची कड दाताच्या गळ्याशी असायला हवी होती, तिथे ती मुळाच्या मध्यापर्यंत खाली उतरलेली होती. बाईंनी सांगितले की, हिरडी आणि दात यांच्यामध्ये पॉकेट तयार झाले आहे, त्यात कीटण आणि जंतू साठतात. गोळ्यांनी गळू बसते, पण पॉकेट जिथल्या तिथे राहते. हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचे आहे, असे सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हिरड्यांविषयी कोणी मला बसवून समजावून सांगत होते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी घरी येऊन मी रडले. चौतिसाव्या वर्षी आईच्या कवळीचा डबा डोळ्यांपुढे येत होता.

म्हापशाच्या एका खाजगी तज्ज्ञांनी तपासून तोंडाच्या चार भागांचे प्रत्येकी ४,००० रुपये सांगितले, शस्त्रक्रिया लागल्यास ती वेगळी. रक्कम वाजवी असेल, पण एकदम उभी करणे मला जमण्यासारखे नव्हते. ते मोकळेपणाने सांगितल्यावर त्यांनी स्वतःच बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जायला सुचवले. वेळ जास्त लागेल, काम मात्र व्यवस्थित होईल, असे ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

८ जानेवारी २०२५ रोजी मी पहिल्यांदा बांबोळीला गेले. डिचोलीहून पणजी आणि पणजीच्या कदंब स्थानकावरून पुढची बस. मडगावकडे जाणारी प्रत्येक बस मध्ये थांबतेच असे नाही, म्हणून चढण्यापूर्वी बांबोळीचा थांबा आहे का, हे वाहकाला विचारून घ्यावे. इमारत गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसराला लागूनच आहे. नवखा माणूस हमखास मोठ्या इस्पितळाच्या दारात जाऊन उभा राहतो. आधी खिडकीवर केस पेपर काढायचा, मग प्राथमिक तपासणी, तिथून एक्स-रे, आणि त्यानंतर ज्या त्या विभागाकडे पाठवणी, असा क्रम आहे. हिरड्यांच्या विभागात आपण थेट जाऊन बसू शकत नाही. मी जुना ओपीजी सोबत नेला होता आणि तो अलीकडचाच असल्यामुळे पुन्हा काढावा लागला नाही. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्याही नेल्या होत्या. त्यांचा उपयोग कसा झाला ते पुढे येईलच. ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळी लवकर पोचावे, डबा आणि पाणी जवळ ठेवावे, आणि केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. कागद हरवला तर तो क्रमांकच कामी येतो. पहिला दिवस नोंदणी आणि पाठवणीतच गेला. हिरड्यांच्या विभागाने पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

त्या तारखेला झालेल्या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नंतरचे सगळे निर्णय तिच्यावरच झाले. डॉक्टरांच्या हातात बारीक टोकाची एक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवून किती खोल जाते ते पाहतात. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजतात. माझे अक्कलदाढा सोडून २८ दात, म्हणजे १६८ आकडे. एक तरुण डॉक्टर मोजून आकडे मोठ्याने सांगत होत्या आणि दुसरी मुलगी तक्त्यात भरत होती: “तीन, दोन, तीन, तीन, चार, सहा.” तीन मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी समजतात, हे मला आधी सांगितले होते, त्यामुळे ‘दोन’ किंवा ‘तीन’ ऐकले की जिवाला बरे वाटे. मग खालच्या उजव्या दाढेशी आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, सळई पुन्हा लावून पाहिली आणि म्हणाल्या, “आठ.” दुखले थोडेच, पण तो आकडा मनात रुतून बसला. चारही पहिल्या दाढा आणि खालचे पुढचे दात यांच्यापाशी सहा ते आठ, इतर अनेक ठिकाणी पाच, आणि जवळजवळ सगळीकडे सळई लागताच रक्त. दोन दात किंचित हलत होते.

केस पेपरवर निदान लिहिले गेले: पेरिओडोंटायटिस (म्हणजे हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार), स्टेज ३, ग्रेड सी. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७मध्ये ठरवलेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली ही वर्गवारी आहे. स्टेज म्हणजे नुकसान किती झाले आहे, आणि ग्रेड म्हणजे आजार किती वेगाने चालला आहे. माझ्या वयाच्या मानाने हाड फार झिजले होते, म्हणून ग्रेड सी. तंबाखू, मिश्री, गुटखा यांपैकी काही घेता का, घरात कोणाचे दात लवकर पडले का, मधुमेह आहे का, हे सगळे त्यांनी खोदून खोदून विचारले आणि रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितले. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी त्यांना हवीच होती. माझी ५.४ आली. बाहेर या तपासण्यांना ६०० रुपयांच्या आसपास गेले.

मी विचारले, “मग गोळ्या आजपासून सुरू करायच्या का?” पूर्वीच्या चिठ्ठ्या विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी तेव्हा पाहिल्या. केवळ गोळ्या घेऊन गळू बसवण्यात आले आणि तीन महिन्यांत ते उलटले, हे माझ्याकडून ऐकून त्यांनी जे सांगितले ते मला आजही आठवते. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ धरते, त्याच्यावर नुसते औषध ओतले तर वरवरचे मरते आणि खालचे तसेच राहते; आधी खरवडायला लागते. दाताच्या मुळावर जंतूंचा असाच एकजीव, चिकट थर बसलेला असतो. त्या थरात राहणाऱ्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागते, आणि तेवढे औषध गोळीवाटे हिरडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून थर आधी अवजाराने मोडायचा, आणि तो मोडलेला असताना, पुन्हा जुळून येण्याच्या आत, औषध द्यायचे. उलट क्रमाने दिले तर आजार तिथेच राहतो आणि जंतूंना मात्र औषधाची सवय होते.

त्याही आधी एक पायरी होती आणि ती माझ्यावर अवलंबून होती. हिरडीच्या वरची सफाई झाल्यावर माझ्या दातांना गुलाबी रंगाचे द्रावण लावले, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. जिथे थर होता तिथे रंग टिकला होता. बाहेरून दिसणारे दात बऱ्यापैकी स्वच्छ होते, पण खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि दाढांमधल्या फटी गडद गुलाबी दिसत होत्या. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला पंचेचाळीस अंशांत तिरका धरून लहान लहान हालचाली कशा करायच्या, हे त्यांनी माझ्याच हाताने करवून घेतले. फटींसाठी बाटलीच्या ब्रशच्या आकाराचे, अगदी छोटे ब्रश येतात. ते दोन मापांचे लिहून दिले. डिचोलीत एकच माप मिळाले, दुसरे पणजीतून आणावे लागले. पाच नगांच्या पाकिटाला ३५० रुपये पडले आणि नीट धुऊन वापरला तर एक ब्रश आठवडा-दीड आठवडा टिकतो. दर खेपेला गुलाबी रंग लावून, रंग टिकलेल्या जागांची टक्केवारी काढली जाई. ती पुरेशी खाली आल्याशिवाय पुढचे काम होणार नाही, असे मला स्पष्ट सांगण्यात आले होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती विसाच्या खाली गेली. त्या दिवशी तरुण डॉक्टर म्हणाल्या, “ताई, आता आपण आतली सफाई करू,” तेव्हा मला परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला.

आतली सफाई सोमवार १७ आणि गुरुवार २० फेब्रुवारीला झाली. एका दिवशी उजवी बाजू, दुसऱ्या दिवशी डावी. दोन्ही दिवस मुद्दाम जवळचे घेतले होते, कारण गोळ्या सुरू करायच्या तर सगळे तोंड आठवड्याच्या आत साफ व्हायला हवे. भूल देण्याचे इंजेक्शन टोचताना दुखते, खास करून टाळूकडच्या बाजूला. त्यानंतर दुखत नाही, पण जाणवते सगळे: यंत्राची किणकिण, पाण्याचा फवारा, आणि शेवटी हाताच्या वाकड्या अवजाराने मुळावरून खरवडल्याचा आवाज, जो कानाने नव्हे तर जबड्यातून ऐकू येतो. मध्येच डॉक्टरांनी गॉजवर काढलेले तुकडे दाखवले. हिरडीच्या वरचे कीटण पिवळट असते, हे मात्र काळपट हिरवे, वाळूच्या खड्यांएवढे आणि तसेच कठीण होते. एका बाजूला दीड तास लागला. भूल उतरेपर्यंत ओठ चावला जाऊ नये म्हणून काही खायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. त्या रात्री मी उकड्या तांदळाची पेज कोमट करून घेतली. पोई, उंडा असले चिवट पाव दोन-तीन दिवस टाळले.

गुरुवारचे काम संपल्यावर, मी खुर्चीतून उठण्यापूर्वी, औषधांची चिठ्ठी लिहिली गेली. त्याआधी पुन्हा प्रश्न झाले: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, गर्भवती आहात का, मूल अंगावर पिते का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का, यकृताचा काही त्रास आहे का. हे प्रश्न कोणी विचारले नाहीत तर आपण होऊन सांगावे, कारण मेट्रोनिडाझोल रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा परिणाम वाढवते, आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला अ‍ॅमॉक्सिसिलिन धोक्याचे ठरू शकते. चिठ्ठीवर अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून तीन वेळा, सात दिवस. ही जोडी १९८९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या आजारासाठी मांडली, आणि तेव्हापासून तिचा अभ्यास होत आला आहे. हिरडीत खोलवर राहणारे काही जंतू एकट्या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून दोन एकत्र. दोन्ही मिळून औषधांची किंमत २०० रुपयांच्या आतच होती. जनऔषधी केंद्रातून घेतली तर याहूनही स्वस्त पडावीत.

मद्याविषयीची सूचना त्यांनी दोनदा केली आणि चिठ्ठीवर खाली रेघ मारून लिहिलीही. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि कोर्स संपल्यावरही तीन दिवस मद्य घ्यायचे नाही. घेतले तर मळमळ, उलट्या, छातीत धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. मी मद्य घेत नाही, तरीही त्यांनी खोकल्याच्या औषधांवरचे लेबल वाचायला सांगितले, कारण काहींत अल्कोहोल असते. आपल्याकडे काजूचा हंगाम लागला की हुर्राक घरोघरी येतो, कोणी प्रेमाने पेला पुढे करतो आणि ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणतो. कोर्स चालू असेल तर तिथे ठामपणे नाही म्हणावे.

तीन वेळा म्हणजे दर आठ तासांनी. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, असे गजर लावले आणि एका छापील तक्त्यावर प्रत्येक गोळीपुढे खूण करत गेले. गोळ्या जेवणावर घ्यायच्या, त्यामुळे सकाळी सहाला आधी दोन बिस्किटे किंवा केळे. दुसऱ्या दिवसापासून तोंडाला धातूची चव आली, जणू ताटातल्या प्रत्येक पदार्थावर तीच चढली होती; हुमणही बेचव लागे. सोलकढी तेवढी गोड लागत असे. लघवीचा रंग गडद झाला तेव्हा मी घाबरले, पण चिठ्ठीवर दिलेल्या क्रमांकावर फोन केला तर तो याच औषधाचा परिणाम असतो आणि कोर्स संपल्यावर जातो, असे सांगण्यात आले. चौथ्या दिवशी पोट बिघडले. दिवसातून तीन-चार वेळा जावे लागले. ताक, पेज आणि भरपूर पाणी यांवर निभावले. अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणे, दम लागणे, पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब, हातापायांना मुंग्या, यांतले काहीही झाले तर गोळ्या थांबवून त्याच क्षणी डॉक्टरांना गाठायचे, हे मला आधीच बजावलेले होते.

कोर्स संपायच्या आदल्या दिवशी, २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्र आली. आमच्याकडे तो दिवस मोठा. हरवळ्याच्या रुद्रेश्वराला जाऊन आल्यावरच दुपारी फराळ, असा सासूबाईंचा नेम, आणि लग्नानंतर मीही तो पाळत आले आहे. उपाशी पोटी गोळी घेतली तर मळमळ वाढेल आणि वेळ चुकवली तर औषधाचे रक्तातले प्रमाण उतरेल, हे मी सासूबाईंना सांगितले. त्या जराही रागावल्या नाहीत. “देवाला कळते ते. तू खाऊन घे आणि मग चल,” म्हणाल्या, आणि सकाळी सहाला स्वतः उठून त्यांनी मला केळे सोलून दिले. २७ फेब्रुवारीला दुपारी दोन वाजता शेवटची गोळी घेतली.

या काळात ०.२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने सकाळ-संध्याकाळ चूळ भरायची होती, दोन आठवडे. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश केल्यावर अर्धा तास थांबावे. चहाबरोबर दातांवर तपकिरी डाग पडतात. ते नंतर सफाईत निघतात, तेव्हा घाबरून मध्येच बंद करू नये आणि चांगले वाटते म्हणून महिनोन्‌महिने चालूही ठेवू नये.

विभागाबाहेरच्या बाकावर फोंड्याकडचे एक साठीतले गृहस्थ भेटत. त्यांच्याही हिरड्यांत पॉकेटे होती, पण त्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या, आणि सरकारी ठिकाण म्हणून आपल्याला डावलले, असे त्यांना वाटत होते. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोरच समजावले. बहुतेक रुग्णांना नीट सफाई आणि घरची निगा एवढ्याने पुरेसा फरक पडतो. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट सर्वांना प्रतिजैविके देऊ नयेत, असेच म्हटले आहे; कमी वयात सगळीकडे पसरलेला स्टेज ३चा आजार, अशा निवडक रुग्णांपुरता त्यांचा विचार करावा. अधिकचा फायदा होतो तो खोल पॉकेटांची संख्या कमी होण्यात, म्हणजे पुढच्या शस्त्रक्रिया टळण्यात. आणि त्या फायद्यापुढे पोटाचे त्रास, अ‍ॅलर्जी आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका ठेवून निर्णय करायचा असतो. त्या गृहस्थांना आधी विडी सोडायला सांगितले होते. हिरडी भरून येण्याच्या आड ती सर्वांत जास्त येते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. गोळ्या मिळाल्या म्हणजे उपचार चांगला झाला, ही समजूत आपल्यात फार खोल आहे आणि ती जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

तीन महिने थांबायचे होते. त्याआधी सळई लावली तर भरून येणारा भाग पुन्हा दुखावतो, म्हणून मध्ये फक्त ब्रशिंग पाहिले जाई. हा काळ मला सर्वांत कठीण गेला. सूज उतरल्यामुळे हिरड्या खाली गेल्या, पुढच्या दातांमध्ये काळ्या त्रिकोणी फटी दिसू लागल्या आणि माठातले पाणीसुद्धा दातांना झिणझिणे. उपचाराने आपण बिघडलो की काय, अशी शंका येई. सुजलेली हिरडी आपल्या जागी बसली की असेच दिसते, हे आधी माहीत असलेले बरे. संवेदनशील दातांची टूथपेस्ट रात्री बोटाने लावून ठेवल्याने सहा-सात आठवड्यांत झिणझिण्या कमी झाल्या. रक्त येणे मात्र मार्चअखेर जवळजवळ थांबले होते.

मेअखेर पुन्हा १६८ आकडे. बहुतेक ठिकाणी दोन-तीन, काही ठिकाणी चार. आठचे पाच झाले होते, पण त्याच दाढेपाशी, जिथे दोन मुळे फाकतात तिथे, सहा आणि रक्त शिल्लक होते. मी पुन्हा गोळ्यांचा कोर्स घेऊ का, असे विचारले आणि उत्तर ठाम नाही असे आले: एका जागेसाठी सगळ्या शरीराला औषध द्यायचे नाही. ती जागा पुन्हा साफ करून तिच्यात टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक असलेले, आपोआप विरघळणारे कोलेजनचे तंतू भरले. दोऱ्यासारखा ओला गुंता चिमट्याने पॉकेटात दाबून बसवतात. दहा मिनिटांचे काम. आठवडाभर त्या फटीत ब्रश घालायचा नाही, एवढेच पथ्य. सप्टेंबरच्या तपासणीत तिथे पाच आले, तरी रक्त होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये तेवढ्या भागाची हिरडी उघडून लहान शस्त्रक्रिया केली. टाके दहा दिवसांनी काढले. आता तिथे चार आहे.

खर्चाचे म्हणाल तर बांबोळीला टप्प्याटप्प्याने भरलेल्या पावत्या मिळून म्हापशाला सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही गेल्या नाहीत. प्रवास, फटींचे ब्रश आणि बुडालेल्या अर्ध्या रजा यांतच जास्त गेले. नोकरदारांनी विभागाकडून उपस्थितीचा दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा, नंतर मागितला की पुन्हा फेरी पडते. झिजलेले हाड बहुतांशी परत आलेले नाही आणि येणारही नाही. आहे ते टिकवायचे आहे. हलणारे दात घट्ट वाटतात. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई आता कायमची आहे, आणि दर वेळी केस पेपरसोबत जुना तक्ता न्यायचा आहे, कारण आकडा वाढला की घटला हे मागच्या आकड्याशिवाय कळत नाही.

ग्रेड सी असलेल्यांच्या भावंडांनी तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. माझा थोरला भाऊ साखळी शहरात असतो. आपल्याला काही होत नाही, म्हणून त्याने वर्षभर चालढकल केली आणि शेवटी डिसेंबरमध्ये माझ्याबरोबर आला. त्याच्या पॉकेटांचे आकडे चार आणि पाच निघाले, हाड थोडेच उतरलेले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या गोळ्यांचा, आणि त्याला गोळ्या नकोत, असे उत्तर मिळाले. गुलाबी रंग लावून, ब्रश हातात देऊन त्याला पुढची तारीख दिली आहे. ती जानेवारीतली आहे आणि माझ्या तपासणीच्याच दिवशी मागून घेतली आहे.